अंबाजोगाई टाळून

१८ नोव्हेंबर

विजयमालाताई,

मायना काय लिहावा यावर दोन कागद फुकट गेले, म्हणून नुसतं नावच लिहिलं. आपण एकमेकींना पाहिलेलं नाही. मी मंजुषा, तुमच्या भावाची, प्रविणची बायको. तुम्ही घर सोडून सुग्रीवभावजींशी लग्न केलंत, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मी या घरात आले. तुमची खोली मला मिळाली. तुमचं सगळं तिथून काढून टाकलेलं होतं, फक्त दारामागं चिकटवलेला नर्सिंगचा हाडांचा तक्ता राहिला होता. तो काढायला कुणी धजलं नाही बहुतेक. अजून आहे.

पत्र कशाला, फोन का नाही, असं वाटेल. आबांनी यंदा नवीन गाडी घेतली आणि घरातले सगळे फोन गाडीला जोडले. कुणाचाही फोन आला की पुढच्या पडद्यावर नाव झळकतं आणि बोलणारा सगळ्या गाडीला ऐकू जातो. माझ्या आईनं दसऱ्याला फोनवर विचारलं, "सासू तरास देत न्हाई ना गं?" ते तुमच्या आईंसकट सगळ्यांनी ऐकलं. आई मागून म्हणाल्या, "न्हाई देत म्हन." घरात तर फोन ओट्यावर पडलेला असतो, वाजला की कुणीही उचलतं. पत्राचं बरं आहे. पत्र येतं हेच सगळे विसरून गेलेत. तुमचा अंबाजोगाईचा पत्ता अंगणवाडीच्या वत्सलाबाईंनी दिला, उत्तर द्यायचं झालं तर त्यांच्याच नावानं द्या.

गाडी पांढरी आहे, सात माणसांची. आबा माजी सभापती, त्यांना वाटतं गाडी रिकामी दिसू नये. लग्न असो, साखरपुडा असो, कुणाच्या मयतीला भेटायला जायचं असो, सगळं घर आत. आबा पुढं. मधल्या सीटवर आहेराच्या पिशव्या आणि वाटेत भेटला तर एखादा कार्यकर्ता. मागच्या टोकाला आई, मी आणि माझी तनू, गुडघे हनुवटीला लावून. गाडी तुमचा भाऊ चालवतो. आबा त्याला अजून "गिअर टाक", "हॉर्न दे", "म्हैस हाय म्हैस" असं सांगत असतात. तो काही बोलत नाही. मला मागून आरशात त्याचे फक्त डोळे दिसतात, आणि म्हैस त्यालाही दिसली होती हे त्या डोळ्यांवरून कळतं.

परवा लातूरला लग्नाला गेलतो. लातूरची वाट अंबाजोगाईवरून जाते हे कुणालाही ठाऊक आहे. आमची गाडी परळीच्या पुढं फाट्यावर आली की आबा म्हणतात, "घाटनांदूरकडून घे." कावून, ते कुणी विचारत नाही. तो रस्ता म्हणजे नुसते खड्डे, तास-दीड तास जास्तीचा. तनू यंदा पहिलीत गेली, दिसेल ती अक्षरं मोठ्यानं वाचते. ती म्हणाली, "आबा, पाटीवर अंबाजोगाई लिहिलंय. तिथं काय हाय?"

"काय न्हाई तिथं."

"मग एवढी मोठी पाटी कावून लावली?"

आबांनी काच वर केली.

आईंना गाडी लागते. त्या खड्ड्यांनी फारच लागली, गाडी थांबवावी लागली. पुरुष माणसं काही उतरली नाहीत, त्यांना ते बघवत नाही. बाभळीआड मी बाटलीतलं पाणी त्यांच्या हातावर ओतत होते. पदरानं तोंड पुसता पुसता त्यांनी विचारलं, "मंजू, इथून अंबाजोगाई किती लांब असंल गं?"

मी म्हटलं, "अर्धा तास."

त्या तिकडं बघत राहिल्या. तिकडं नुसती तूर उभी होती. मग हॉर्न वाजला आणि आम्ही परत आत जाऊन बसलो.

मी या घरात आल्यापासून तुमचा विषय त्यांच्या तोंडून पहिल्यांदा निघाला, तोही असा. तुम्हाला कळावं म्हणून लिहिलं. उत्तर द्याच असं नाही.

मंजुषा

९ डिसेंबर

विजयमालाताई,

तुमचं पत्र मिळालं. "आईला माझी आठवण येत होती तर आठ वर्षं तिला कुणी धरून ठेवलं होतं? पुन्हा लिहू नका." बरोबर आहे तुमचं. पण सहीच्या खाली तुम्ही आणखी एक ओळ लिहिलीत, "आईला सांगा, मला सहावा महिना आहे." पुन्हा लिहू नका म्हणायचं आणि खाली ही ओळ घालायची, मग मी काय करावं?

सांगायचं कसं हा मोठाच प्रश्न होता. आबांची खुर्ची आता ओसरीतून हलून स्वैपाकघराच्या दारासमोर आली आहे, पंख्याखाली. घरात कायम चार माणसं चहाला. आई आणि मी दिवसभर एकमेकींच्या हाताला हात लावून काम करतो, पण एक वाक्य एकटीनं बोलायची सोय नाही.

चतुर्थीला लिंबागणेशला निघालो. खोटं कशाला बोलू, मला गाडीतलं काही काही आवडतं. आबा गाडीत घरच्यापेक्षा वेगळे असतात. प्रत्येक गावाशी काच खाली करतात आणि इथं कोण कुणाला किती मतांनी आपटलं ते रंगवून सांगतात. त्या दिवशी त्यांनी रस्त्यात टहाळाच्या पेंढ्या घेतल्या, आणि सगळी गाडी हरभरा सोलत बसली. आबा स्वतः सोलून तनूच्या तोंडात एकेक दाणा घालत होते. "सभापतीच्या हातचं खातीस, भाग्यवान हायेस," म्हणत होते. तुमचा भाऊ हसत होता. असं असलं की मला वाटतं, हा माणूस इतका वाईट नाही, मग त्या पाटीशी याला काय होतं?

बीडच्या अलीकडं आईंना लागली. आम्ही उतरलो. मी पाणी ओततानाच सांगून टाकलं, "आई, ताईंना दिवस गेलेत. सहावा आहे."

त्या वाकलेल्या होत्या, तशाच राहिल्या. मला वाटलं ऐकू गेलं नाही. मग म्हणाल्या, "तुला कसं कळलं?"

"पत्र आलंय."

"म्हंजे होळीच्या मागंपुढं." आणि मग म्हणाल्या, "तिला आंबटाचं लई वेड. कुणी दिलं का न्हाई गं काही खायला?"

मला काय ठाऊक ताई. मी म्हटलं, "भावजी देत असतील." त्या म्हणाल्या, "पुरुषाला काय कळतंय त्यातलं." तेवढ्यात हॉर्न. गाडीत बसल्यावर त्यांनी तनूच्या ओंजळीतला सगळा हरभरा खाऊन टाकला. आबा म्हणाले, "आत्ता वकत हुतीस ना?"

आता एक गंमत सांगते. त्या दिवसापासून आईंना गाडी फार लागायला लागली आहे. पूर्वी घाटात लागायची, आता माजलगाव ओलांडायच्या आत लागते. सपाट रस्त्यावर लागते. परवा तर धरणापाशी, गाडी उभी असताना लागली. आबा वैतागतात, "आधी बरी हुतीस की!" त्या पदर तोंडाला लावून उतरतात, बाभळीआड गेल्या की पदर काढतात आणि विचारतात, "आली का चिठ्ठी?"

म्हणून तुमचं पत्र आलं नाही तरी मी लिहिणार आहे. त्यांना प्रत्येक थांब्याला काहीतरी द्यावं लागतं. रोज खोटं किती सांगू?

मंजुषा

१९ जानेवारी

ताई,

आंबट खायला सुग्रीवभावजींनी चिंचेची पिशवीच आणून ठेवली, हे मी आईंना सांगितलं. त्यांना फार बरं वाटलं, पण तोंडानं म्हणाल्या, "चिंच जास्त खाऊ न्हाई म्हनावं."

तुम्ही स्पष्ट विचारलंत की या सगळ्यात माझं काय आहे. आईंसाठी करते असं मी पहिल्या पत्रात भासवलं. ते खरं आहे, पण तेवढंच खरं नाही.

मी बी.ए. झालेली आहे. मला बी.एड. करायचंय. गेल्या वर्षी प्रवेशपरीक्षा दिली, नंबर लागला, तो नेमका अंबाजोगाईच्या कॉलेजात. तुमच्या भावानं मला आनंदानं सांगितलं आणि आम्ही दोघं आबांपुढं गेलो. आबा जेवत होते. म्हणाले, "शिक की, मी कुठं न्हाई म्हनतो? पन त्या गावाचं नाव या घरात काढायचं न्हाई." नंतर भाकरीचा तुकडा मोडून विचारलं, "ठेचा कुनी केलाय आज?" झालं, माझं कॉलेज तिथं संपलं. तुमचा भाऊ माझ्या शेजारी उभा होता. तो काही बोलला नाही. त्या रात्री मी त्याला बोलले नाही, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांबरोबर गाडीत बसून कुणाच्या तरी जावळाला गेले.

तर असं आहे. तुमच्याकडची वाट उघडली तर माझीही उघडेल, एवढा माझा स्वार्थ. यंदाही परीक्षेला बसायचं ठरवलंय. घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही.

आता कामाचं. फेब्रुवारीत परळीच्या गहिनीनाथमामांच्या मुलीचं लग्न आहे, लातूरला. म्हणजे पुन्हा घाटनांदूरचा रस्ता. घाटनांदूरच्या अलीकडं उजव्या हाताला एक रसवंती आहे, लिंबाच्या झाडाखाली, निळ्या पत्र्याची. तुम्ही तिथं येऊन बसलात तर आईंना बरोबर तिथंच गाडी लागेल. मी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "तिला म्हन, दुचाकीवर येऊ नको."

आम्ही साधारण दहाच्या सुमाराला पोचू. दहा मिनिटं मिळतील. जमेल का ते कळवा.

मंजुषा

१७ फेब्रुवारी

ताई,

आई आता तुमच्याजवळ आहेत, म्हणजे रसवंतीवर काय झालं ते त्यांनी तुम्हाला शंभरदा सांगितलं असेल. पण गाडीच्या आत काय झालं ते त्यांना ठाऊक नाही, कारण त्या झोपल्या होत्या. आणि त्यांना सोडून आम्ही पुढं गेल्यावर काय झालं, ते तर तुम्हा दोघींनाही ठाऊक नाही.

सकाळी निघताना आबांनी खिशातून गोळी काढली. डॉक्टरांकडून मुद्दाम आणली होती, गाडी न लागायची. "आज मुहूर्त गाठायचाय. आज कुठं थांबायचं न्हाई," म्हणाले, आणि समोर उभं राहून घ्यायला लावली. आईंनी माझ्याकडं बघितलं. ना म्हणायला कारण काय सांगणार? गोळी घेतली. सिरसाळा यायच्या आत त्यांची मान माझ्या खांद्यावर पडली.

मी चिमटे काढले, ताई. कानात हाका मारल्या. त्या "हूं" म्हणायच्या आणि पुन्हा घोरायच्या. परळी गेली. पाटी आली, तनूनं वाचली, आबा म्हणाले "घाटनांदूरकडून घे", गाडी वळली. तुम्ही आठवा महिना संपलेल्या पोटानं त्या बाकावर बसला असणार आणि आमची गाडी तुमच्यासमोरून धूळ उडवत जाणार, हे मला दिसायला लागलं. लांबून निळा पत्रा दिसला. मी काही ठरवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं, "गाडी थांबवा. मला मळमळतंय."

मला आजपर्यंत गाडी कधी लागलेली नाही. आबांनी मागं वळून माझ्याकडं बघितलं आणि त्यांचा चेहरा असा फुलला की मी आयुष्यात विसरणार नाही. त्यांच्या मनात काय आलं ते मला तेव्हा कळलं, आणि मी लाजेनं मेले.

"थांबव बे गाडी!" ते तुमच्या भावावर ओरडले. "ती सांगतीय आन तू बघत काय बसलायस? सावलीत घे! दचका देऊ नको!"

तुमचा भाऊ आरशातून माझ्याकडं बघत होता. त्याला तर ठाऊक होतं की तसं काही नाही. पण तो बोलला नाही, गाडी सावलीत घेतली. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं गप्प राहणं माझ्या कामाला आलं.

मी आईंना हलवून उठवलं, "आई, चला माझ्यासोबत." त्या अर्धवट झोपेत उतरल्या. पुढचं तुम्ही बघितलंत. त्यांना आधी तुम्ही दिसला नाहीत, तुमचं पोट दिसलं, आणि त्यांनी सरळ पोटावरच हात ठेवला.

आबा खाली उतरतील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. आईंना कितीही उलट्या झाल्या तरी ते कधी उतरले नाहीत. पण त्या दिवशी ते सुनेसाठी उसाचा रस सांगायला उतरले. मी त्यांचा आवाज ऐकला, "आलं-लिंबू घालून दे रे, सूनबाईला..." आणि आवाज तिथंच थांबला. तुम्ही उभ्या राहिलात. माझी पाठ त्यांच्याकडं होती, वळायचा धीर झाला नाही. रसवंतीवाला विचारत होता, "किती गलास, दादा?" मग चपलांचा आवाज लांब गेला, गाडीचं दार लागलं, आणि हॉर्न सुरू झाला. तुमचा भाऊ वाजवत नव्हता, ताई. आबांनी बाजूच्या सीटवरून हात लांब करून दाबून धरला होता. तुम्हाला वाटलं असेल की प्रविण वाजवतोय, म्हणून सांगते.

आईंनी माझ्या हातातली त्यांची पिशवी घेतली आणि म्हणाल्या, "मंजू, तू जा. मी न्हाई येत. बाळंतपन करून येईन म्हनावं." इतकं साधं, जणू बाजारातून येताना भाजी आणते म्हणावं तसं. तिनं तिथं राहायचं असं आमचं कधीच ठरलं नव्हतं. मी एकटी चालत गाडीपाशी गेले आणि मागच्या टोकाला जाऊन बसले. आबांना म्हटलं, "आई बाळंतपण करून येणारेत." हॉर्न बंद झाला. आबा प्रविणला म्हणाले, "चल."

रेणापूर आलं. तनूनं विचारलं, "आजी कुठंय?" आणि तुमच्या भावानं उत्तर दिलं, "आत्याकडं." हा शब्द तिनं पहिल्यांदा ऐकला.

लग्नात पोचलो. मांडवात गहिनीनाथमामा पुढं आले, सोबत पाच-पंचवीस पाहुणे. "या सभापती! आन अक्का कुठंय?" मला वाटलं आता आबा म्हणतील, तब्येत बरी न्हाई, घरी राहिली. त्यांच्या ओठावर तेच आलं असणार. पण आमची गाडी रसवंतीवर उभी असताना मामांचेच पाहुणे जीपमधून गेले होते, त्यांनी आईंना बाकावर बसलेलं बघितलं होतं, ते तिथंच उभे होते. बायको रस्त्यात उतरून निघून गेली, हे चार लोकांत कसं सांगणार? आबांनी फेटा सारखा केला आणि म्हणाले, "लेकीकडं राहिली. लेकीचं पहिलं बाळंतपन हाय."

मांडवात माणसं एकमेकांकडं बघायला लागली. मामा म्हणाले, "कुठली लेक?"

"मला किती लेकी हायेत?" आबा म्हणाले, आणि पुढच्या खुर्चीवर जाऊन बसले.

ताई, हे वाक्य तुमच्यापर्यंत पोचवायचं म्हणूनच मी हे पत्र लिहायला बसले.

परतताना लातूरच्या बाहेर तुमच्या भावानं गाडी सरळ अंबाजोगाईच्या रस्त्याला घातली. आबांनी सांगितलं नव्हतं. त्यानं विचारलंही नाही. आबांनी मान मागं टाकली आणि डोळे मिटून घेतले. झोपले नव्हते, हाताची बोटं गुडघ्यावर हलत होती. गाव लागल्यावर तनूनं दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, अंबाजोगाई, अंबाजोगाई, अंबाजोगाई, प्रत्येक पाटीवर तेच. तिला कुणी गप्प बस म्हटलं नाही. धारूरच्या रस्त्याला लागल्यावर आबांनी डोळे न उघडता विचारलं, "गेलं का गाव?"

"गेलं," तुमचा भाऊ म्हणाला.

"लवकर गेलं," आबा म्हणाले.

मंजुषा

२४ मार्च

ताई,

बाळाचं बारसं होऊन चार दिवस झाले. घरी परत आल्यापासून लिहीन लिहीन म्हणते, पण आई तुमच्याकडं असल्यानं धारा, स्वैपाक, आबांचे चहाचे कार्यकर्ते सगळं माझ्यावर आहे. गेल्या महिन्यात मला बाभळीपर्यंत जायला तरी मिळत होतं. आता गाडीत मागं आम्ही दोघीच, मी आणि तनू, आणि मला गाडी लागत नाही हे सगळ्यांना कळून चुकलंय.

त्याचंही सांगते. लग्नातून परत आल्यावर गावात बातमी पसरली की मला दिवस गेलेत. शेजारच्या भिवराबाईंनी कैरीचं लोणचं पाठवलं. मी बरणी तशीच घेऊन आबांपुढं गेले आणि म्हटलं, "आबा, मला दिवस गेलेले न्हाईत." ते पेपर वाचत होते. "ठाऊक हाय," म्हणाले. "रसवंती दिसल्यावर कुनाला मळमळतं?" पुढं काही नाही. लोणचं मात्र आम्ही दोघांनी संपवलं.

बारशाच्या दिवशी तुम्ही माझ्यावर रागावलात. आबा खाली गाडीत बसलेले, तुम्ही बाळाला दुपट्यात घेऊन खाली निघालात, आणि मी दारात आडवी आले. सगळ्या बायकांसमोर तुम्ही म्हणालात, "तुम्ही कोण मला अडवणाऱ्या?" तेव्हा सांगता आलं नाही, आता सांगते. आई तुमच्याकडं राहिल्यापासून दर आठवड्याला आबा तूप आणि लाडू घेऊन यायचे, प्रविणला वर पाठवायचे आणि स्वतः काच लावून खाली बसायचे. तुम्ही बाळाला खाली नेलं असतं तर त्यांनी काच खाली केली असती, नातीच्या मुठीत नोट ठेवली असती, डोळे पुसले असते आणि काच परत वर गेली असती. पुढं दर सणाला तेच. तुम्ही उन्हात रस्त्यावर आणि ते आत गारव्यात. त्या गाडीत मी रोज बसते ताई. तिच्यात बसलेल्या माणसाला कुठं उतरावंसं वाटत नाही, त्याला उतरवावं लागतं.

पाळण्याची वेळ टळून गेली. बायका चुळबुळ करायला लागल्या. आईंनी तर माझ्याकडं असं बघितलं की मीच खाली जाणार होते. मग जिन्यात खोकला ऐकू आला. एकेक पायरी थांबत थांबत. दारात येऊन ते तुम्हाला काय म्हणाले ते तुम्ही ऐकलंतच, "उशीर कावून चाललाय? मला पुढं कामं हायेत." सुग्रीवभावजींनी खुर्ची पुढं केली, ते बसले. भावजींशी ते बोलले नाहीत, मी बघितलं. पण चहाचा कप भावजींच्या हातून घेतला. तुम्ही बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलंत तेव्हा त्यांना हात कुठं ठेवावे ते कळेना. "नाक माज्या आईचं हाय," म्हणाले.

परत येताना माझं बोलायचं मी ठरवूनच बसले होते. गाडी घाट उतरली आणि मी मागून म्हटलं, "आबा, रविवारी माझी बी.एड.ची प्रवेशपरीक्षा हाय. अंबाजोगाईला."

न वळताच ते म्हणाले, "एक घर सोडून गेली. दुसरी लेकीकडं जाऊन बसली. आता तू?"

"मी परत येनार हाय. शिकून रोज परत येईन."

"रोज?"

"रोज."

मी आरशात बघितलं. तुमच्या भावाचे डोळे रस्त्यावर होते. मला वाटलं, गेल्या वर्षीसारखंच. मग तो म्हणाला, "मी सोडीन तिला सकाळी, आबा. मी सांगितलंय फॉर्म भरायला." मी त्याला फॉर्मचं सांगितलंच नव्हतं. त्याला कधीचं ठाऊक होतं, कुणास ठाऊक. आबा त्याच्याकडं बघत राहिले, आणि तो गाडी चालवत राहिला. समोरून ट्रॅक्टर आला, आबांनी "ट्रॅक्टर हाय" म्हटलं नाही.

घरी पोचल्यावर पायऱ्या चढता चढता त्यांनी विचारलं, "किती वाजता हाय परीक्षा?"

कॉलेजचं अजून हो म्हणालेले नाहीत. नंबर लागला तर पुढं बघू, असं म्हणतात. आई घरी येईपर्यंत तर कुठलंच कॉलेज नाही, हे मलाही कळतं. पण परीक्षेला जायचं ठरलंय. आणि ऐका, मी एसटीनं जाते म्हटलं तर आबा चिडले, "आपली गाडी असताना सून एसटीत कशाला?" तर रविवारी आमची गाडी येते. आबा पुढं, प्रविण स्टेअरिंगवर, तनू माझ्या मांडीवर, आणि वाटेत गहिनीनाथमामांनाही घ्यायचंय, त्यांना म्हणे परीक्षा कशी असते ते बघायचंय. डबा घेणार, पाण्याचा जार घेणार. बारशाला गेलो होतो तेव्हा एवढी तयारी नव्हती. सगळे मिळून माझी परीक्षा द्यायला निघालेत.

आईंना म्हणावं, दुपारी तुमच्याकडं सगळी जेवायला येऊ. आबा या वेळी जिना चढतील की खालूनच हॉर्न देतील ते मला सांगता येत नाही. दिला तर दिला, तुम्ही उतरू नका.

परीक्षा केंद्राच्या फाटकातून आत एकटीलाच सोडतात. ते मी अजून आबांना सांगितलेलं नाही.

तुमची,
मंजू